एलडीपीई-पीपी फिल्मचा जोड: परीक्षक म्हणतात ‘सहज सुचण्याजोगा’

प्रश्न (भोसरीचा कारखानदार):
एलडीपीई (कमी घनतेचे पॉलिइथिलीन) आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) या दोन प्लास्टिकच्या फिल्म जोडण्याच्या आमच्या पद्धतीच्या अर्जावर मुंबई पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आला आहे. गरम पट्टीखाली एलडीपीई साधारण ११० अंशांना वितळून कडेला पसरते, पीपीला मात्र १६० च्या आसपास जावे लागते. शिवाय हे दोन पॉलिमर एकमेकांत मिसळत नसल्याने जोड नखाने सोलला जातो. आम्ही मध्ये ब्लॉक कोपॉलिमरची (दोन पॉलिमरांचे तुकडे एकाच साखळीत जोडलेल्या पदार्थाची) पातळ पट्टी ठेवून अल्ट्रासॉनिक हॉर्नने (अतिजलद कंपने देणाऱ्या टोकाने) सील करतो. परीक्षकांनी पट्टीचा एक आणि अल्ट्रासॉनिक सीलिंगचा दुसरा असे दोन जुने दस्तऐवज पुढे ठेवून, दोन्ही एकत्र करणे कोणालाही सुचले असते, असे म्हटले आहे. ग्राहकांची पसंतीपत्रे जोडून उत्तर द्यावे का?

उत्तर (पेटंट एजंट, डेक्कन):
पसंतीपत्रांवर भिस्त ठेवू नका. पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) नुसार तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असूनही शोध त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचणारा नसावा लागतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने विश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात भांडी बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट नुसती कारखान्यातील सुधारणा म्हणून टिकू दिले नाही. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०२२ च्या अ‍ॅग्रीबोर्ड निकालानुसार आधीचे ज्ञान, प्रस्तुत शोध आणि पहिल्यावरून दुसरा कसा सुचला असता, हे तिन्ही नकाराच्या आदेशात मांडावे लागते. तिसरा मुद्दा एका ओळीत उरकला असेल, तर ते मागाहून आलेले शहाणपण आहे, असे स्पष्ट लिहा. उत्तराची मुदत अहवालाच्या तारखेपासून ६ महिने आहे.

उत्तर (पॉलिमर प्रयोगशाळा, पाषाण):
पट्टीवर भांडू नका. पीई (पॉलिइथिलीन)-पीपी ब्लॉक कोपॉलिमरचा पातळ थर दोघांना धरतो, हे २०१७ मध्येच ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. खरा मुद्दा वेगळा आहे. मऊ एलडीपीई कंपने शोषून घेते, म्हणून अशा फिल्मसाठी जाणकार माणूस अल्ट्रासॉनिककडे सहसा वळत नाही. तुमचा हॉर्न कोणत्या बाजूने टेकतो?

प्रश्नकर्ता:
पीपीच्या बाजूने, एलडीपीई खाली ऐरणीवर असते. विनिर्देशाच्या (अर्जासोबतच्या तपशीलवार दस्तऐवजाच्या) आकृतीत आणि वर्णनात ते आहे, दाव्यात (ज्यावर हक्क मागतो त्या मजकुरात) मात्र नाही.

उत्तर (पेटंट एजंट, डेक्कन):
मग तेच दाव्यात आणा. मूळ दाव्याच्या कक्षेत राहून तो असा आवळायला कलम ५९ आड येत नाही. उलट बाजूने सील करून पाहिले आहे का?

प्रश्नकर्ता:
आज पाहिले. १५ मिलिमीटरच्या पट्ट्या कापून ओढल्या: एलडीपीईकडून सील केलेल्या तिन्ही जोडावरच सुटल्या, पीपीकडून केलेल्यांत जोड टिकला आणि एलडीपीईच फाटले. सोमवारी यंत्रावर बल मोजून आकडे शपथपत्रात घालतो.