पद्मिनी एक लाखात इलेक्ट्रिक? कोणाला सांगायलाव भाऊ!

वाळूजवाला: परभणीकरांची कालची ती पोस्ट वाचून डोकंच फिरलं. म्हणे वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी कारचं इंजिन काढा, ई-रिक्षाची मोटर अन् चार लेड ॲसिड बॅटऱ्या टाका, एक लाखात काम फत्ते. अहो, त्या गाडीचं इंजिन 1089 सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवरचं. ई-रिक्षाची मोटर कायद्यानंच 4 किलोवॅटच्या आत, म्हणजे साडेपाच हॉर्सपॉवरही नाही, चार माणसं बसवून संभाजीनगरच्या क्रांती चौकाचा पूल चढवून दाखवा. बारा व्होल्ट 100 एएच (अँपिअर-अवर) च्या चार बॅटऱ्या म्हणजे कागदावर 4.8 युनिट, त्यातलं निम्मंच वापरायचं नाहीतर बॅटरी लवकर मरते. 15-20 किलोमीटरला गाडी ढकलायची वेळ. लोकांचे पैसे बुडवू नका.

परभणीकर: मला कुठं पुण्याला जायचंय? घर ते मोंढा बाजार अन् परत. वडिलांची गाडी गोठ्यात सडायली, कार्बोरेटरचा एक पार्ट धड मिळत नाही. तुम्ही शहरातले लोक गरिबाला कामून अडवता?

लातूरचा मिस्त्री: अडवत नाहीत ओ, पण खर्च चुकीच्या जागी करू नका. गिअरबॉक्स राहू द्या, मोटर अन् गिअरबॉक्समधली प्लेट लेथवर नीट सेंटर करून घ्या, सेंटर जरा हललं की बेअरिंग गेलं. बॅटरी एलएफपीच (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या, 10 युनिटची, 70 किलोमीटर कुठं जात नाही. बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, काटकसर नको, तापलेली बॅटरी तेच वाचवतं, अन् आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 ला जातो.

बीडचा गडी: चार्जिंग कुठं करायलाव? आमच्याकडं रात्री व्होल्टेज एवढं पडतं की फ्रीज चालू होत नाही, शेतावर थ्री फेज मिळते ती कधी दिवसा कधी रात्री, पाळीपाळीनं, अन् रात्रीच्या पाळीला माणूस साप-विंचवात पाणी द्यायला जातो, तिथं तुम्हाला कारचं पडलंय!

परभणीकर: शेताचा फीडर (विजेची लाईन) वेगळा, गावठाणाचा वेगळा. घरच्या साध्या 15 ॲम्पिअरच्या सॉकेटवर रात्रभरात गाडी भरते. उगं रडू नका.

बीडचा गडी: रडू नका म्हणे! गावठाण फीडर वेगळा झाला तो कागदावर. माझ्या काकाची पाण्याची मोटर लो व्होल्टेजनं दोनदा जळाली, भरून कोणी दिली? आमच्या पिकाचं पाणी हे रडणं वाटतं का तुम्हाला?

वाळूजवाला: लाईटचं दुःख खरं आहे, तुमच्याशी त्यावर भांडणार नाही. पण विषय गाडीचा आहे, आता कागदाचं ऐका. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक करायचं रेट्रोफिट किट एआयएस-123 या सरकारी मानकाला उतरलेलं, पुण्याच्या एआरएआयसारख्या टेस्टिंग एजन्सीनं पास केलेलं लागतं, ते आरसीवर चढलं पाहिजे. आरसीवर पेट्रोल अन् आत बॅटरी असली तर ॲक्सिडेंटनंतर विमावाले हात वर करतील. समोरचा माणूस गेला तर भरपाई कोण देणार, तुमची एक लाखाची पोस्ट?

परभणीकर: बरं, लेड ॲसिडचं सोडलं. पण मंजूर किट पद्मिनीसाठी मिळतंच कुठं? नसंल तर माझ्या गाडीनं भंगारातच जायचं का?

लातूरचा मिस्त्री: मग इंजिनच बांधून घ्या, सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन टाका. पार्ट हुडकायला लागतील, पण एक लाखाच्या आत बसंल अन् आरसीलाही हात लागत नाही.

परभणीकर: पेट्रोल कोण भरणार, तुम्ही? आधी तुमच्या ओळखीतला इंजिन बांधणारा सांगा, मग बोलू.