बारावी कॉमर्स, गणित नाही: निफ्ट खारघरला चालेल का?

घोडबंदर_पालक: मुलगी ठाण्यात बारावी कॉमर्सला आहे. गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलंय. खारघरच्या निफ्टला (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) फॅशन डिझाइन करायचं म्हणते, पण एका क्लासमध्ये सांगितलं की सायन्सच हवं. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमिलेअर काढून ठेवलंय. एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) आणि यूसीड (आयआयटीतल्या डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा) यांचेही फॉर्म भरायचे आहेत. विषय, वय आणि कागदपत्रांच्या अटी नेमक्या काय आहेत?

नेरूळ_सीवूड्स: क्लासवाल्यांनी दोन कोर्सची गल्लत केली आहे. फॅशन डिझाइन हे बी.डेस.मध्ये (डिझाइनची पदवी) येतं आणि त्याला बारावीची कुठलीही शाखा चालते. एसपी घेतलं म्हणून काही बिघडत नाही. गणित लागतं ते बी.एफ.टेक.ला, म्हणजे कपड्यांच्या उत्पादनाच्या कोर्सला. फॉर्म भरताना तो पर्याय निवडू नका.

वय प्रवेशाच्या वर्षी १ ऑगस्टला २४ पेक्षा कमी हवं. ५ वर्षांची सवलत एससी, एसटी आणि दिव्यांगांना आहे, ओबीसींना नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा मान्यताप्राप्त ३ वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही बी.डेस.ला अर्ज करता येतो, हे फार कमी जणांना माहीत असतं.

खरी मेहनत परीक्षेची. कॅट (कल्पकतेची परीक्षा) ५० टक्के, गॅट (सामान्य क्षमतेची) ३० आणि सिच्युएशन टेस्ट २०. शेवटच्या परीक्षेत दिलेल्या सामानातून तिथेच मॉडेल बनवायचं असतं. नुसत्या चित्रकलेच्या जोरावर राहिलेली मुलं इथे अडकतात, म्हणून पुठ्ठा, तार, कापड यांच्यावर हात आत्तापासूनच बसवा.

कळवा_नाका: तुमचं नॉन-क्रिमिलेअर एकदा उघडून बघा. महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातलं असेल तर ते निफ्ट, एनआयडी, आयआयटी कुठेच चालणार नाही. या केंद्राच्या संस्था; त्यांना केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. त्याच्याही आधी तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत महाराष्ट्राखाली आहे का ते तपासा. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे नसते, आणि नसेल तर फॉर्म खुल्या गटातूनच भरावा लागतो. दाखला कोणत्या तारखेनंतर काढलेला हवा तेही माहितीपत्रकात दिलेलं असतं. जुना दाखला काउन्सेलिंगच्या वेळी नाकारतात आणि तेव्हा नवा काढायला वेळ उरत नाही.

दुसरं नावाचं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. स्पेलिंगमध्येही फरक असेल तर फॉर्म उघडण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या.

ऐरोली_डिझाइन: उरलेल्या दोन्हींचं सांगतो. विषयाची आडकाठी एनआयडीलाही नाही, पण वयाची अट कडक आहे: खुल्या गटाला २० वर्षं, ओबीसी नॉन-क्रिमिलेअरला ३ वर्षं जास्त. यूसीड आयआयटी मुंबई घेते आणि तिलाही कॉमर्स चालतं. तिथली मेख वेगळी आहे. बारावीची परीक्षा पहिल्यांदा त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी दिलेली हवी, आणि यूसीड जास्तीत जास्त दोनदा, तीही लागोपाठच्या वर्षी. एक वर्ष गॅप घेतला तर चालतो, दुसऱ्या वर्षी दार बंद. यूसीडचे फॉर्म ऑक्टोबरच्या सुमारास निघतात आणि परीक्षा जानेवारीत असते, त्यामुळे वरचा दाखला दिवाळीवर ढकलू नका.

घोडबंदर_पालक: दाखला बघितला, राज्याच्याच नमुन्यातला आहे. सोमवारी सेतूत जाऊन केंद्राच्या नमुन्यासाठी अर्ज करते. सगळ्यांचे आभार.