परदेशी क्षेत्रकार्यासाठी निधी : ग्रामीण विदर्भातील नव्या संशोधकाने अर्ज करावा का?

(टोपणनावांनी झालेली चर्चा; कंसात लिहिणाऱ्याचे ठिकाण.)

धानपट्टा (ब्रह्मपुरी) :

आमच्या संशोधन केंद्रात पीएच.डी.साठी नोंदणी झालेल्या एका विद्यार्थिनीने नेपाळमधील सामुदायिक वनांत काही महिने राहून काम करण्यासाठी निधी मागावा की नाही, यावरून विभागात दोन तट पडले आहेत. गडचिरोलीतील सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा कायदेशीर हक्क) आणि बांबूचा व्यवहार हा तिचा विषय आहे. घरच्या जंगलाचा अभ्यास पुरा होण्याआधी काठमांडूची वाट धरण्यात अर्थ नाही, असे ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. माझे मत नेमके उलट आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, म्हणजे बांबू बाहेर नेण्याचे परवाने गावच देऊ लागले, आणि तेव्हापासून त्या गावाने किती पाहुणे अभ्यासक पाहिले असतील याची गणती नाही. त्याआधी, २००६ मध्ये विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले, त्या सुमारास कापूस पट्ट्यातील वावरांतही हेच घडत होते. प्रश्नावली त्यांची, उत्तरे आमची आणि प्रबंध त्यांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, असा हा व्यवहार आहे. आमच्या मुलांच्या वाट्याला त्यात फार तर दुभाष्याचे काम येते. विदर्भ कायम अभ्यासाचा विषयच राहणार असेल, तर येथे संशोधन केंद्रे कशासाठी काढली, असा प्रश्न मला पडतो.

नेपाळने १९९३ च्या वन कायद्याने उपभोक्ता गटांना, म्हणजे जंगल वापरणाऱ्या गावकऱ्यांच्या गटांना, जंगलाच्या वापराचा हक्क दिला आणि १९९५ मध्ये त्या गटांचा महासंघही उभा राहिला. आपला वनहक्क कायदा २००६ चा आहे. नेपाळमध्ये जमीन शासनाची राहते आणि वन कार्यालयाने मंजूर केलेल्या कार्ययोजनेनुसारच गटाला काम करावे लागते. आपल्याकडे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापनाचा अधिकार कायद्याने थेट ग्रामसभेचा मानला आहे. हा फरक गटाच्या हिशेबवहीत कसा उतरतो, हे ग्रामसभेच्या बैठका लहानपणापासून पाहिलेल्या मुलीने विचारले तर ती काय विचारायचे ते नेमके विचारील. आणि हा अर्ज तिने नोंदणीनंतर लवकरच करावा, कारण आराखडा एकदा संशोधन मान्यता समितीतून पक्का होऊन आला की त्यात दुसरा देश घुसवणे म्हणजे पुन्हा त्याच समितीपुढे उभे राहणे होय.

पऱ्हाटी (यवतमाळ) :

सर, आपला मुद्दा ऐकायला गोड आहे, पण तो कायम नोकरीतील माणसाचा आहे. ग्रामीण विदर्भातील नव्या संशोधकांपैकी बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवून घर चालवतात. त्यांना रजा नसते. ज्या महिन्यात तास नाहीत त्या महिन्यात पैसेही नाहीत, आणि काही महिने बाहेर राहून परतलेल्या उमेदवाराचे तास तोवर दुसऱ्याच्या नावावर लागलेले असतात. निधी देणारी संस्था विमानाचे भाडे देईल, राहण्याचा खर्च देईल. गेलेले तास मात्र ती परत देणार नाही.

कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळालेल्यांचे एक वेळ ठीक. त्यांना २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. तरीही मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांत किरकोळ खर्चाचे अनुदान पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये एवढेच असते. एवढ्यात भामरागडच्या फेऱ्या आणि प्रश्नावलीच्या छायाप्रती निघाल्या तरी पुष्कळ. ज्यांना छात्रवृत्तीच नाही, त्यांनी परदेशी संस्थांच्या अर्जामागे सहा-आठ महिने घालवणे म्हणजे हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी. हे अर्ज कसे लिहायचे याच्या कार्यशाळा मोठ्या विद्यापीठांत होतात; आमच्याकडे त्यांची सूचना फलकावर लागेपर्यंत मुदत संपलेली असते.

शिवाय घरचे काम संपले आहे असे कोणी सांगावे? चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने हक्क मिळाल्यावर विडीसाठीची तेंदूपाने तोडणे स्वतःहून बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलात आगी लावल्या जातात. हातचे रोख उत्पन्न सोडणारा हा निर्णय गावात कसा टिकला, यावर आपल्या विद्यापीठांतील किती जणांनी गावात राहून काम केले? हे सोडून सीमेपलीकडे जाण्याची घाई मला पटत नाही.

नागनदी (नागपूर) :

केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असताना परदेशी संस्थांच्या दारात कशाला जायचे?

मोहफूल (धारणी) :

त्या दोन्ही शिष्यवृत्त्या परदेशी विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश घेणाऱ्यांच्या आहेत. येथे नोंदणी करून काही महिन्यांच्या क्षेत्रकार्यासाठी बाहेर जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. त्यातही राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय वगळले गेले, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या बहुतेक विषयांना ते दारच बंद झाले. ही गल्लत मुलाखतीला गेलेले लोकसुद्धा करतात, म्हणून सविस्तर लिहिले.

क्षेत्रकार्यासाठी उपयोगी पडणारे मार्ग थोडे आहेत आणि प्रत्येकाची अट वेगळी आहे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद परदेशात जाऊन साधनसामग्री गोळा करण्यासाठी साहाय्य देत आली आहे. ज्या त्या वर्षीची सूचना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची असते, पण ती फक्त अमेरिकेसाठी आहे. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट ब्रिटनमधील अल्पकालीन कामाला मदत करतो आणि तोही कला, वारसा, मानव्यविद्या यांपुरता. नेपाळमधील या कामाला मानवशास्त्राची बैठक देता आली, तर वेनर-ग्रेन फाउंडेशनचे प्रबंध क्षेत्रकार्य अनुदान सर्वांत जवळचे ठरेल. १९४१ मध्ये स्थापन झालेली ही अमेरिकी संस्था अर्जदाराचे राष्ट्रीयत्व पाहत नाही. अनुदानाची मर्यादा २५,००० डॉलर आहे आणि अर्जाच्या तारखा वर्षातून दोन, १ मे आणि १ नोव्हेंबर.

पऱ्हाटी यांच्या आक्षेपात एक गोष्ट सुटली आहे. हे अनुदान परदेशातल्याच क्षेत्रकार्यासाठी असते असे नाही. पाचगावात राहून काम करणाऱ्या विदर्भातील विद्यार्थ्यानेही तेथे अर्ज करावा. गडचिरोलीत येणारे परदेशी विद्यार्थी अशाच अनुदानांवर येतात. तेव्हा ‘घर की परदेश’ हा वाद आणि ‘अर्ज करावा की नाही’ हा वाद वेगळे ठेवलेले बरे.

आणखी एक. एकट्या मुलीने परक्या डोंगरी गावात राहायचे म्हटले की आपल्याकडे विभागप्रमुखांना एकाएकी तिच्या सुरक्षिततेची काळजी वाटू लागते. हीच मुलगी पावसाळ्यात पूल वाहून गेलेल्या गावात सर्वेक्षणाला जाते, तेव्हा ही काळजी कोणाला वाटत नाही.

वैनगंगाकाठ (भंडारा) :

मी एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात आहे, म्हणून पैशापुरतेच लिहितो. परदेशी संस्थेचा निधी म्हटला की परकीय अंशदानावर, म्हणजे परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर, नियंत्रण ठेवणारा परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० आडवा येतो. शिष्यवृत्ती, विद्यावेतन किंवा तशाच स्वरूपाची रक्कम व्यक्तीला मिळत असेल, तर तिला या कायद्यात सवलत आहे. तीच रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात येणार असेल, तर संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. ग्रामीण महाविद्यालयांकडे ही नोंदणी सहसा नसते. अशा वेळी ओळखीच्या एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या खात्यातून पैसे फिरवून आणू, असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये; एका संस्थेने दुसरीला परकीय अंशदान हस्तांतरित करणे त्याच दुरुस्तीने बंद झाले आहे. मंजुरीपत्रात रक्कम कोणाच्या नावे आणि कोणत्या स्वरूपात लिहिली आहे, ते पाहून सनदी लेखापालाचे लेखी मत घ्यावे आणि मगच स्वीकृती कळवावी.

दुसरी अडचण आधी खर्च करा आणि पावत्या दिल्यावर पैसे घ्या, या पद्धतीची. देशी योजनांत ती फार आहे. शेवटचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय निघत नाही आणि तोवर विद्यार्थ्याच्या घरची तूर विकली गेलेली असते.

धानपट्टा :

पऱ्हाटी, तासिकांबद्दलचे आपले म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यातून अर्ज करू नये असा निष्कर्ष निघत नाही, महाविद्यालयाने तास राखून ठेवावेत असा निघतो. खर्चाचे म्हणाल तर नेपाळ यासाठीच निवडला आहे. भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येते. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर आणि पुढे सोनौलीची सीमा. अर्थात व्हिसा नको म्हणून संशोधनाची संमतीही नको असे नाही. तेथील एखाद्या विद्यापीठाचे संलग्नतेचे पत्र आणि ज्या गटाच्या नोंदी पाहायच्या त्याची परवानगी यांशिवाय अर्ज लंगडाच राहील.

अर्ज लिहिण्याचा लाभ काय, हे एका वाक्याने दाखवतो. विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात उद्दिष्ट असे होते : ‘नेपाळमधील सामुदायिक वने आणि गडचिरोलीतील सामूहिक वनहक्क यांचा तुलनात्मक अभ्यास करणे.’ आमच्या समितीने ते डोळे झाकून मान्य केले असते. अनुदानाच्या अर्जात मात्र प्रश्न काय, पुरावा कोणता आणि तो कोणत्या गावात मिळेल, हे थोडक्या शब्दांत सांगावे लागते. तेव्हा तेच वाक्य असे झाले : ‘बांबू विकून आलेला पैसा गटाच्या खात्यात जमा झाल्यावर तो कोणत्या कामाला लावायचा, हे कोणत्या बैठकीत, कोणाच्या उपस्थितीत आणि कोणाच्या गैरहजेरीत ठरते?’ निधी मिळो वा न मिळो, प्रबंध या दुसऱ्या वाक्यावर उभा राहील. खर्चाच्या पानावर ‘इतर खर्च’ असा एकच गठ्ठा होता, तो फोडून दुभाष्याचे मानधन, स्थानिक सहायकाची मजुरी, मुक्काम आणि परतल्यावर अहवाल मराठीत व नेपाळीत छापून गावांना देण्याचा खर्च असे घातले.

पऱ्हाटी :

दुसरे वाक्य चांगले आहे, यात वाद नाही. पण ते सुचायला सीमा ओलांडण्याची गरज नव्हती. चांगल्या मार्गदर्शकाने ते येथेच सुचवायला हवे होते. मोहफूल ताईंचे म्हणणे मान्य करून मी माझा आक्षेप थोडा सुधारतो : अर्ज करावा, पण पहिला अर्ज घरच्या क्षेत्रासाठी करावा. कापसाचे उदाहरण घ्या. बुर्किना फासोने २००८ मध्ये बीटी कापूस घेतला आणि धाग्याची लांबी कमी भरू लागल्यामुळे २०१६ च्या सुमारास तो सोडला. आपल्याकडे तो २००२ पासून आहे. यवतमाळच्या संशोधकाला यापेक्षा मोठा तुलनेचा विषय कोणता मिळणार? म्हणून उद्या कोणी उठून अर्ज केला, तर फ्रेंच कोण बोलणार आणि तेथील सशस्त्र हिंसाचारात विद्यार्थ्याला कोणते विद्यापीठ पाठवणार? मोठा विषय आणि करता येण्याजोगा विषय यांतला फरक नव्या संशोधकाला क्षेत्रात मुरल्यावरच कळतो.

बांबूबन (कोरची) :

मी प्राध्यापक नाही, ग्रामसभेचे काम करतो. बाहेरून येणारा प्रत्येक अभ्यासक आमचा ठराव मागतो, नोंदवहीच्या पानांचे फोटो काढतो आणि जाताना अहवाल पाठवतो म्हणून सांगतो. आलेले अहवाल बोटांवर मोजावेत इतके, आणि तेही इंग्रजीत. त्यामुळे आमच्याकडची मुलगी दुसऱ्याच्या जंगलात जाऊन हिशेब पाहणार असेल, तर आम्हाला ते हवेच आहे. तिने तेथे विचारावे असे आमचेही प्रश्न आहेत : ठेकेदाराने उचल देऊन भाव पाडला तर ते काय करतात, आणि वन कार्यालयाने कार्ययोजना अडवून ठेवली तर त्यांचा महासंघ कोणते पाऊल उचलतो.

एक अट मात्र घालावी. आमच्याकडचा बांबू कटाईचा एक पूर्ण हंगाम आणि मे महिन्यातील तेंदूचा फड (तोडलेली पाने गोळा करण्याची जागा) तिने आधी पाहावा. ज्याने इकडची मजुरीवाटप पाहिली नाही, त्याला तिकडच्या वहीत काय शोधायचे ते कळणार नाही. ठरावाची प्रत अर्जाला जोडायची असेल तर ग्रामसभेपुढे विषय ठेवावा लागेल. अध्यक्षांच्या एकट्याच्या सहीचे पत्र आम्ही देत नाही.

पऱ्हाटी :

भाऊंची अट धरली तर १ मे ही तारीख बादच होते, कारण त्या दिवसांत ती फडावर असेल. मग १ नोव्हेंबर. निकाल यायला काही महिने जातील, म्हणजे प्रत्यक्ष जाणे त्यापुढच्या शैक्षणिक सत्रात. त्या सत्रातील तिचे तास दुसऱ्याला देताना ते तात्पुरते आहेत, असे महाविद्यालय लेखी देणार आहे का, एवढेच धानपट्टा सरांनी सांगावे.

धानपट्टा :

हा विषय विभागाच्या पुढील सभेच्या कार्यपत्रिकेवर घेतला आहे. प्राचार्यांनी तोंडी होकार दिला आहे, पण तोंडी होकाराची किंमत येथील सर्वांना ठाऊक आहे. लेखी मिळाले नाही, तर तिचा अर्ज मी फक्त कोरचीतील हंगामापुरता पाठवीन आणि नेपाळचा भाग पीएच.डी.नंतरच्या प्रस्तावासाठी राखून ठेवीन.