मदत हवी आहे : मौर्यांच्या ऱ्हासावर विश्लेषणात्मक उत्तर कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, यूपीएससीला इतिहास हा वैकल्पिक विषय मराठीतून घेतलाय. मौर्यांच्या ऱ्हासावर लिहायला बसले की उत्तराची नुसती यादी होते. अशोकाचा मृत्यू इ.स.पू. २३२च्या सुमारास, सेनापती पुष्यमित्राने शेवटचा मौर्य राजा बृहद्रथाला मारलं ते इ.स.पू. १८५च्या आसपास, हे सगळं पाठ आहे. इतिहासकारांपैकी हरप्रसाद शास्त्री अशोकाच्या धोरणांविरुद्धच्या ब्राह्मणांच्या प्रतिक्रियेवर बोट ठेवतात, रायचौधरी ते खोडून अशोकाच्या अहिंसेकडे वळतात, रोमिला थापर अतिकेंद्रित प्रशासनाकडे. आपले दा. ध. कोसंबी (हो, गोव्याचेच!) आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांतली चांदी घटली यावरून आर्थिक ताण दाखवतात. मला हाच धागा पटतो. पण नाण्यांतली भेसळ हे ऱ्हासाचं कारण की लक्षण? नेमकं इथेच घोडं अडतं.

स्वतःचं मत पहिल्याच परिच्छेदात मांडावं, की सगळ्यांची मतं तपासून शेवटी? २० गुणांच्या उत्तरात किती इतिहासकार पुरेत? मराठीतून लिहिलेलं, तपासून आलेलं एखादं उत्तर कुणाकडे असेल तर दाखवाल का? क्लासच्या नोट्स नकोत, त्यात नुसते मुद्दे असतात. पणजी-म्हापशाकडे उत्तरं तपासून देणारं कुणी असेल तर तेही सांगा. फी द्यायची तयारी आहे.