मुलगी सडपातळ असूनही पीसीओएस कसा?

चाफेकळी:
माझी मुलगी 17 वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिची पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येऊ लागले आहेत आणि मानेच्या मागे काळपट पट्टा आहे, जो मी इतके दिवस मळ समजून डाळीच्या पिठाने घासत होते. डॉक्टरांनी पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांचा विकार) निदान केले. वजन जेमतेम 48 किलो. बाहेरचे खाऊन आणि रात्री जागून तिने हे ओढवून घेतले, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. खरे कारण काय असते?

ओपीडीनंतर:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मान घासणे आधी थांबवावे. तो मळ नव्हे. रक्तात इन्सुलिन सतत वाढलेले राहिले की तेथील त्वचा जाड आणि मखमली होते, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पट्ट्यातच आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिक सोडते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरके, अधिक बनवायला लावते आणि त्यांपैकी टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिनही घटवते, त्यामुळे केस व मुरुमे वाढतात आणि स्त्रीबीज वाढवणारे बीजकोश अर्ध्या वाटेवरच वाढायचे थांबतात. सोनोग्राफीत दिसतात ते हेच अडकलेले बीजकोश. त्यांना गाठी म्हणणे चूकच. 1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी सात स्त्रियांवरून या विकाराचे वर्णन केले, तेव्हा अंडाशयच नजरेत भरले होते. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत तर निदानासाठी सोनोग्राफी धरूच नये. अनियमित पाळी आणि वाढलेले अँड्रोजेन, दोन्ही हवेत.

जुनी_वही:
ताई, मलाही हा त्रास विसाव्या वर्षापासून आहे. नेदरलँड्समधील जुळ्या बहिणींच्या 2006 सालच्या अभ्यासात या विकारामागे आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 70 टक्के आढळला. खाण्या-जागण्याने त्रास वाढतो हे मी स्वतः अनुभवले आहे, पण माझ्यासोबत तोच वडापाव खाणाऱ्या मैत्रिणींची पाळी महिन्याच्या महिन्याला येत असे. घराण्यात मधुमेह कोणाला आहे, ते विचारा.

पुणेकर_वाचक:
वजनावरून अंदाज बांधू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी येथील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. आपली बाळे सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची, तरीही अंगावरील चरबीत मात्र आपली फारशी मागे नव्हती. दिसायला बारीक आणि आतून मेदयुक्त अशा देहात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक असते. त्यांचे संशोधन मधुमेहाचे असले, तरी आपल्या मुलीच्या 48 किलोंचा उलगडा त्यातून होऊ शकेल.

चाफेकळी:
सर्वांचे आभार. सासूबाईंना पंचेचाळिशीपासून मधुमेह आहे, आणि नणंदेला मूल होण्यासाठी आठ वर्षे उपचार घ्यावे लागले होते, हे मला काल प्रथमच कळले. संध्याकाळी सासूबाईंच्या केसांना तेल लावताना मी त्यांची मान नीट पाहिली. तसाच पट्टा आहे.