शब्दचर्चा : रविवारच्या पत्रिकेवर ‘उपासना’ लिहायचं की ‘आराधना’?

भीमाकाठची :
सगळ्यांना सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) रविवारची पत्रिका, म्हणजे प्रार्थनासभेचा क्रम सांगणारा कागद, नव्याने छापायची ठरली आहे आणि मजकुराचं काम माझ्याकडे आलं आहे. पहिल्याच ओळीवर अडले. जुन्या पत्रिकेवर ‘उपासनाक्रम’ असं शीर्षक होतं. तरुण संघाने दिलेल्या कच्च्या मजकुरात ‘आराधना : ९.३० ते १०’ आणि खाली ‘संदेश (म्हणजे प्रवचन) : १० ते १०.४५’ एवढंच आहे. माझ्या सासूबाई यांतला एकही शब्द वापरत नाहीत, त्या म्हणतात, ‘भक्तीला चाललेय.’ या तीन शब्दांत खरंच अर्थाचा फरक आहे, की ज्याची त्याची सवय? शिवाय वर्शिप लीडरला, म्हणजे पुढे उभं राहून हे सगळं चालवणाऱ्याला, तुम्ही मराठीत काय म्हणता?

नगरची लेक :
सलाम ताई. फरक आहे, आणि पत्रिका छापण्याआधी तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं.

आधी मुळं पाहू. उपासना म्हणजे उप + आस्, जवळ बसणं. आराधना ‘राध्’ धातूवरून, प्रसन्न करून घेणं. भक्ती ‘भज्’ धातूवरून आणि त्याचा जुना अर्थ वाटून घेणं, वाट्याला येणं. भाग, विभाग, भक्त हे सगळे त्याच घरातले शब्द. म्हणजे तुमच्या सासूबाई ‘भक्तीला चाललेय’ म्हणतात तेव्हा मुळार्थाने त्या आपला वाटा घ्यायला चाललेल्या असतात. मला तिन्हींत हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. आमच्याकडे नगर जिल्ह्यात ‘घरगुती भक्ती’, ‘सकाळची भक्ती’ असंच ऐकत मोठे झालो.

पण पत्रिकेसाठी मुळापेक्षा आजचा वापर जास्त पाहायला हवा. ‘उपासना’ आपल्याकडे पूर्ण कार्यक्रमाला म्हणतात, आवाहनापासून आशीर्वादापर्यंत. शोमरोनी बाईशी येशूचं बोलणं होतं त्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातही आपल्या बायबलात ‘उपासना’ आणि ‘उपासक’ हेच शब्द आहेत. ‘आराधना’ मात्र अलीकडे, माझ्या कानाला तरी, हिंदी गीतांच्या वाटेने आला आणि गाण्यांच्या अर्ध्या तासाचं नाव होऊन बसला. शब्दात स्वतःत काही वाईट नाही. अडचण अशी की गाण्यांनाच आराधना म्हटलं की उरलेलं सगळं आराधना नव्हे असं मनात ठसतं. तरुण संघाच्या मजकुरात शास्त्रपाठ (बायबलवाचन) कुठे आहे? पापांगीकार? आजाऱ्यांसाठी, शेतीसाठी, गावासाठी मध्यस्थीची प्रार्थना? गाणी आणि संदेश या दोन रकान्यांत त्यांना जागाच उरली नाही.

माझा कौल : शीर्षक ‘उपासना’. गाण्यांच्या भागाला सरळ ‘स्तुतिगीते’ म्हणा.

वसईकर :
नगरच्या ताईंशी सहमत. आमच्या कॅथलिक बाजूचं थोडं सांगतो. आम्ही ‘मिस्सा’ म्हणतो. लॅटिन मिस्सा एका समारोपाच्या वाक्यातून आली : ‘इते, मिस्सा एस्त’, म्हणजे ‘जा, तुम्हाला पाठवलं आहे’ अशा अर्थाचं. निरोपाचा शब्द अख्ख्या उपासनेचं नाव झाला. म्हणून शेवटचा आशीर्वाद घाईघाईने उरकणं मला पटत नाही. लोक चपला शोधत असतात आणि वेदीवरून पाठवणी चाललेली असते.

दुसरं, शब्दचर्चेत हे यायलाच हवं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, तोवर मिस्सा लॅटिनमध्येच होई. त्या दस्तऐवजाने लोकांचा ‘पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय’ सहभाग मागितला आणि लोकभाषेला दार उघडलं. मराठीत प्रतिसाद आले, प्रतिसाद स्तोत्र आलं, वाचनाला गावातली माणसं उभी राहू लागली. आज साठेक वर्षांनी मी पाहतो की प्रतिसाद लोक पाठ म्हणतात, पण काही ठिकाणी गायकवृंद इतका पुढे जातो की तेवढेही ओठ बंद होतात. भाषा मराठी झाली, पण गाणारे पुन्हा मोजकेच. मंडळीचा वाटा कोणी हिरावून घेतला तर तो लॅटिनने घेतला की ध्वनिवर्धकाने, याने काय फरक पडतो?

मराठीला हे दार नवं नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल इथे छापलं गेलं, तेही रोमी लिपीत. सगळं ओवीत, म्हणजे कानांसाठी. स्वर्गाला तो बिनदिक्कत ‘वैकुंठ’ म्हणतो. ऐकणाऱ्याच्या तोंडात असलेला शब्द घ्यायचा आणि त्यात सुवार्ता भरायची, ही हिंमत त्याच्याकडे होती.

तबल्यावर :
मी आमच्या मंडळीत बरीच वर्षं साथीला बसतो, म्हणून गाण्यांपुरतं लिहितो.

‘वर्शिप टीम’ हे नावच मला खटकतं. मग बाकीची मंडळी कोण, प्रेक्षक? आम्ही स्वतःला ‘गायनसेवा’ म्हणतो. नाव बदलल्यावर बसण्याची जागाही बदलली. पूर्वी व्यासपीठाच्या मधोमध असायचो, आता उजव्या बाजूला खाली बसतो. मधे वचनाचं (बायबलचं) मेज आणि प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीचं, मेज.

स्वर निवडताना मी एकच कसोटी लावतो : मागच्या बाकावरच्या आजींना हे गाता येतं का? ध्वनिमुद्रित गाण्याची पट्टी गायकाच्या गळ्याला बेतलेली असते, ती आपल्याकडे तशीच उचलली की पुरुष मंडळी वरच्या षड्जाला पोचता पोचता गप्प होतात. दोन स्वर उतरवलं की देऊळ (चर्च) भरून आवाज येतो. एका रविवारी नवं गीत एकच घ्यावं, ते महिनाभर परत घ्यावं. आणि शेवटच्या कडव्याला वाद्यं थांबवून बघा. मंडळीने स्वतःचा आवाज ऐकला पाहिजे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं ऋण इथे मानायला हवं. त्यांच्या आधीची पुष्कळ गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली. मराठी ऱ्हस्वदीर्घ एकीकडे आणि चालीचा ठोका दुसरीकडे. टिळकांनी अभंग आणि पदं दिली, ती पेटी-टाळांवर चालतात आणि वाचता न येणाऱ्यालाही दोन ऐकण्यांत ध्रुवपद येतं. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतपुस्तक उघडलं की कुठली गीतं लोकांनी पोटाशी धरली ते लगेच कळतं. नव्या कोरस गीतांवर माझा राग नाही. त्यांत थेट देवाशी बोलणं असतं, ते मला आवडतं. फक्त बहुतेकांत ‘मी’ आणि ‘तू’ एवढेच दोघे असतात. ‘आम्ही’ शोधावा लागतो.

भीमाकाठची :
दादा, ‘गायनसेवा’ लगेच उचलला! पण मग पुढे उभं राहून सगळं चालवणाऱ्या व्यक्तीला काय? ‘आराधना पुढारी’ मला निवडणुकीसारखं वाटतं. शिवाय एक बारीक गोष्ट लक्षात आली. आपण म्हणतो, पाळकसाहेब उपासना ‘घेतात’, वडील उपासना ‘चालवतात’, आणि मंडळी उपासनेला ‘बसते’. उपासना ‘करतं’ कोण?

नगरची लेक :
ताई, सगळी चर्चा तुमच्या शेवटच्या प्रश्नापाशी आली.

‘घेणे’ हे शाळेतलं क्रियापद आहे, तास घेतात तसं. ‘बसणे’ कीर्तनातून आलं असावं. दोन्ही मराठीत रुळलेले आहेत, ते काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण पत्रिकेत क्रियापदं जपून वापरा. ‘उपासना संचालन’ हा शब्द बऱ्याच मंडळ्या छापतात, तो ठीक आहे, कारण संचालन करणारा इतरांना चालतं करतो. जस्टिन मार्टर या दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकाने रोममधून, साधारण इ. स. १५० च्या सुमारास, रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तिथे पुढे असणाऱ्याला तो नुसतं ‘अध्यक्ष’ म्हणतो. वर्णन फार साधं आहे : प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात, अध्यक्ष बोध करतो, मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस आणतात, अध्यक्ष उपकारस्तुती करतो आणि लोक ‘आमेन’ म्हणतात. गैरहजर असलेल्यांकडे सेवक वाटा पोचवतात. जमा झालेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांची काळजी घेतली जाते.

यात अध्यक्ष किती वेळा बोलतो आणि लोक किती गोष्टी करतात ते पाहा. आणि वाटा पोचवणंही उपासनेतच धरलं आहे. ग्रीकमधला ‘लात्रेइया’ आणि हिब्रूतला ‘अवोदा’ या दोन्ही शब्दांत सेवा आणि उपासना एकत्रच आहेत. म्हणूनच आपल्या १०० व्या स्तोत्रात ‘परमेश्वराची सेवा करा’ असं येतं आणि लगेच पुढे ‘गीत गात’ येतं.

आता आखणीविषयी. मी गाण्यांपासून सुरुवात करत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला शास्त्रपाठ ठरतो, तो दोन-तीनदा मोठ्याने वाचते आणि विचारते : या पाठाने मंडळीने काय करावं? पश्चात्ताप, उपकारस्तुती, विलाप, की निर्धार? त्यावर बाकी सगळं बसतं. समजा लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातली हरवलेल्या मुलाची गोष्ट आहे, ज्यात परत आलेल्या मुलाला बाप क्षमा करून मेजवानी देतो. मग पापांगीकाराला ५१ वं स्तोत्र, क्षमावचनाला १०३ व्यातल्या ओळी, आणि प्रभुभोजन असेल तर बापाच्या घरची मेजवानी आपोआप जोडली जाते, वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गाणी त्यानंतर निवडायची आणि प्रत्येक गीताला काम द्यायचं. नमनगीत एकत्र आणतं, पाठानंतरचं गीत उत्तर देतं, शेवटचं गीत बाहेर पाठवतं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात हाच क्रम आहे : दर्शन, ‘माझे ओठ अशुद्ध आहेत’ ही कबुली, निखाऱ्याने शुद्धी, मग देवाचा प्रश्न आणि ‘मला पाठव’.

ज्या मंडळ्यांत तीन वर्षांचं वाचनचक्र पाळतात त्यांना पाठ आयते मिळतात : एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान सणांच्या काळांत. याचा मोठा फायदा म्हणजे पाळकाच्या आवडीचेच उतारे फिरून फिरून येत नाहीत. आगमनकाळ, उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, पेंटेकॉस्ट यांची चवही वेगवेगळी राहते. विलापाला जागा मिळते, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाऊस गेलेल्या वर्षी, घरात मयत झालेल्या आठवड्यात, फक्त आनंदाची गाणी गायला लावणं हा माणसांवर अन्याय आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं ढीगभर आहेत, ती मोठ्याने वाचू द्या.

वसईकर :
ताईंच्या यादीत एक शब्द घालतो. उपासनाविधीला वापरल्या जाणाऱ्या ‘लितुर्गिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लोकांचं काम’ असा सर्रास सांगितला जातो. जुन्या अथेन्समध्ये तो श्रीमंत नागरिकाने स्वखर्चाने लोकांसाठी केलेल्या सार्वजनिक कामाला होता, जहाज सज्ज ठेवणं, नाट्यमहोत्सवाच्या गायकवृंदाचा खर्च उचलणं वगैरे. म्हणजे ‘लोकांसाठी केलेलं काम’ जास्त बरोबर. उपासनेतही आधी ख्रिस्ताने आपल्यासाठी केलेलं काम आहे, मग आपला प्रतिसाद. क्रम उलटला की सगळा भार पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या उत्साहावर पडतो. मग ‘आज मजा नाही आली’ असे अभिप्राय सुरू होतात.

तबल्यावर :
‘हालेलूया’ही घ्या. हिब्रूत ती बहुवचनी आज्ञा आहे : ‘तुम्ही सगळे याहचं (परमेश्वराचं) स्तवन करा.’ एकट्याने माईकवर म्हणायचा शब्दच नाही तो. आम्ही आता संचालकाने ‘हालेलूया’ म्हटलं की थांबतो, मंडळीचं उत्तर येईपर्यंत.

भीमाकाठची :
मनापासून आभार. पंच कमिटीपुढे ठेवायला हा मसुदा केला आहे, चुका दाखवा :

शीर्षक ‘उपासना’. मग आवाहन (मंडळी उभी), नमनगीत, पापांगीकार आणि क्षमावचन, जुन्या करारातला पाठ (वाचन : तरुण संघ), स्तोत्र (आळीपाळीने), शुभवर्तमान, संदेश, उत्तरगीत, विश्वासांगीकार, मध्यस्थीची प्रार्थना (महिला मंडळ), दानार्पण, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद आणि पाठवणी. खाली ‘उपासना संचालन’, ‘संदेश’ आणि ‘गायनसेवा’ यांपुढे नावं. ‘स्तुतिगीते’ हा भाग आवाहनाच्या आधी, मंडळी जमत असताना, म्हणजे तरुण संघही नाराज होणार नाही.

नगरची लेक :
उत्तम झालं आहे. दोनच सूचना. स्तुतिगीतं आवाहनाच्या आधी ठेवलीत तर ती लोक येण्याची वाट पाहण्याची गाणी होतील, आणि मुलांनी घेतलेली मेहनत वाया जाईल. ती क्षमावचनानंतर आणा. क्षमा ऐकल्यावर गायलेली स्तुती वेगळीच उमटते, आणि तरुण संघाला मधली मानाची जागा मिळते. दुसरं, ‘पापांगीकार’ आमच्या मुलांना कळत नाही, मी ‘पापकबुली’ छापते. ‘विश्वासांगीकार’ मात्र तसाच ठेवते, कारण तो म्हणताना ते दर आठवड्याला त्याचा अर्थ प्रत्यक्ष करत असतात.

आणि आळीपाळीच्या स्तोत्रात मंडळीच्या ओळी ठळक अक्षरात छापा, थोड्या मोठ्या. सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसल्या पाहिजेत.

भीमाकाठची :
स्तुतिगीतं हलवली. ‘पापकबुली’वर सासूबाईंनीही मान डोलावली. पहिला पाठ या रविवारी त्यांनाच वाचायला सांगितला आहे.