प्रतिसाद : गोधडीच्या तुकड्यांवर सांडलेला चहा

ताई, गोधडीसाठी कापलेल्या तुकड्यांवर चहा सांडला, डाग कसा काढू, असं तुम्ही विचारलंय. त्यावर उकळतं पाणी ओता असं वरच्या प्रतिसादात कुणीतरी सुचवलंय. कोऱ्या चहाला ते चालेल, पण तुमचा चहा दुधाचा. दुधातली प्रथिनं गरम पाण्याने धाग्यात पक्की बसतात. म्हणून आधी गार पाणी, नळाची बारीक धार, तीही कापडाच्या उलट बाजूने. कापलेले तुकडे चोळू नका. कडांचे धागे सुटले की शिलाईसाठी सोडलेल्या पाव इंचात काही उरत नाही. सौम्य साबण लावून थोडा वेळ ठेवा, खळबळून टॉवेलमध्ये दाबून टिपा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही.

हळदीचं तंत्र वेगळं. साबण लागताच डाग लालभडक होतो, तेव्हा घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, उन्हाने फिकं पडतं. आता ठाण्यात जुलैत ऊन कुठून आणायचं म्हणा! गॅलरीत जी तिरीप येईल ती.

सुई टोचून रक्त लागलं तर लगेच थुंकीने ओला केलेला पांढरा दोरा त्यावर दाबायचा. ऐकायला कसंतरी वाटतं, पण ताज्या ठिपक्याला उत्तम.

आणि ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून तुम्ही आणलेलं ते लाल सुती कापड? त्याचा एक तुकडा आधी पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवून बघा. चिंधी गुलाबी झाली तर ते फिकट तुकड्यांशेजारी जोडू नका. चहा निघेल हो, उतरलेला लाल रंग शिवलेल्या गोधडीतून काढणं महाकठीण.